विंडोज बदलल्यावर लॅपटॉप तापतो, पंखा थांबत नाही: कुठून सुरुवात करायची

माझी भाची गोव्यात फोंड्याजवळच्या फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकते. एका शनिवारी रात्री तिचा फोन आला. "मामा, लॅपटॉपवर हात ठेववत नाही. पंखा इतका ओरडतोय की आजी आतून विचारते, एवढ्या रात्री मिक्सर कुणी लावलाय?" तीनच दिवसांपूर्वी ती विंडोज १० वरून ११ वर गेली होती. जवळच्या एका दुकानात विचारलं, तर 'जुनं विंडोज परत टाकून घ्या' एवढंच उत्तर मिळालं. कुणी तापमान मोजलं नाही, कुणी झरोक्यात डोकावून पाहिलं नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार (सपोर्ट) संपला. त्याच्या आगेमागे अनेकांनी पाच-सहा वर्षं वापरलेल्या लॅपटॉपवर ११ चढवलं आणि तेव्हापासून मला येणाऱ्या फोनांत ही तक्रार सगळ्यात जास्त असते. इतके लॅपटॉप पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: नवं विंडोज आल्यावर काम वाढतं हे खरं, पण तापण्याचं मूळ बहुतेक वेळा आधीपासूनच आत बसलेलं असतं. आपल्या गोव्याच्या दमट हवेत तर हमखास. वाढलेल्या कामानं ते फक्त उघडं पडतं. म्हणून विंडोज मागे नेण्याची घाई करू नका आणि स्क्रू-ड्रायव्हरही लगेच हातात घेऊ नका. खाली ज्या क्रमानं सांगतोय त्याच क्रमानं जा. पहिल्या पायऱ्यांना एक रुपया लागत नाही.

लगेच बंद करायची वेळ कोणती

क्रम सुरू करण्याआधी चार गोष्टी तपासा. जळल्यासारखा वास येतोय का? तळ फुगलाय किंवा टचपॅड वर उचलल्यासारखं वाटतंय का? लॅपटॉप तापून आपोआप बंद पडतोय का? आणि तापूनही पंख्याचा आवाज, झरोक्यातून हवा, काहीच येत नाही असं आहे का?

यातलं एक जरी असेल तर पुढचं वाचत बसू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. टचपॅड वर येणं किंवा तळ फुगणं म्हणजे बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही, बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. तो जाणत्याकडेच न्या. उरलेल्यांनी पुढे चला.

पंखा विंडोज चालवत नाही

ही गोष्ट एकदा समजली की निम्मी भीती जाते. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते. तापमानाचे सेन्सर तिला सांगतात, आणि पंखा किती जोरात फिरवायचा ते ती ठरवते. विंडोज सुरू होण्याआधी, अगदी बायॉसच्या (लॅपटॉप चालू करणाऱ्या आतल्या मूळ प्रोग्रामच्या) निळ्या-काळ्या पडद्यावर असतानाही पंखा फिरतो, तो तिच्यामुळेच. त्यामुळे विंडोज बदलल्यानं पंखा 'बिघडला' असं सहसा होत नाही. पंखा ओरडतोय याचा अर्थ तो आपलं काम करतोय.

मग प्रश्न दोनच उरतात. आत इतकं काम कोण करतंय? आणि तयार झालेली उष्णता बाहेर जातेय का? पुढची प्रत्येक पायरी या दोनपैकी एका प्रश्नाचं उत्तर शोधते.

दोन दिवस द्या, पण नीट द्या

अपग्रेड झाल्यावर 'वेलकम'चा पडदा गेला म्हणजे सगळं संपलं असं आपल्याला वाटतं. आत मात्र बरंच चालू असतं. शोध पटकन लागावा म्हणून विंडोज तुमच्या फायलींची यादी नव्यानं बनवतं. डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, तपासणी करतो. राहिलेली अपडेट उतरतात, स्टोअरमधली अ‍ॅप एकेक करून नवी होतात, वनड्राइव्ह चालू असेल तर फायली वर चढवतं. या काळात पंखा वाजणं स्वाभाविक आहे.

ही कामं लवकर आटोपावीत यासाठी एक सोपं करा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा, चार्जर लावा, वायफाय चालू ठेवा, सेटिंग्जमध्ये जाऊन चार्जर लावलेला असताना स्लीप 'नेव्हर'वर करा आणि झाकण उघडं ठेवून एक रात्र तसाच सोडा. बॅटरीवर असताना, किंवा तुम्ही काही करत असताना, विंडोज यातली बरीच कामं मागे ढकलतं. म्हणून दिवसभर थोडा थोडा वापरून लगेच झाकण लावणाऱ्यांचा लॅपटॉप आठवडाभर घुमत राहतो. भाचीचं नेमकं हेच झालं होतं. कॉलेजातून आली की तास-दोन तास वापरायची आणि बंद.

फक्त एक मुदत लक्षात ठेवा. अपग्रेडनंतर मागे जाण्याची सोय विंडोज १० दिवसच ठेवतं. त्यासाठी लागणारं जुनं विंडोज सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये असतं. जागा खातं म्हणून पहिल्याच दिवशी ते उडवू नका. दोन दिवस थांबा, मग खालची तपासणी करा, म्हणजे निर्णयाला आठवडा हाताशी राहतो.

टास्क मॅनेजर वाचायला शिका

दोन दिवसांनंतरही पंखा थांबत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डावीकडे 'प्रोसेसेस' निवडा आणि वर 'सीपीयू' या शब्दावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त काम करणारा वर येईल. बाकीचे सगळे प्रोग्राम बंद करा, माउस सोडा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. लॅपटॉप रिकामा असताना सीपीयूचा एकूण आकडा एक-दोन ते आठ-दहा टक्क्यांत खेळत असेल तर ठीक. तीस-चाळीसवर अडून बसला असेल तर वरचं नाव कागदावर लिहून घ्या.

नवख्यांची फसगत होते ती 'सिस्टम आयडल प्रोसेस' या नावावर. 'डिटेल्स'च्या यादीत त्याच्यापुढे पंच्याण्णव वगैरे आकडा दिसतो आणि वाटतं, सापडला चोर! ते उलटं आहे. प्रोसेसर किती मोकळा आहे ते तो आकडा सांगतो. पंच्याण्णव असेल तर आनंद माना.

आता बाकीची नावं. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे डिफेंडर, तो तपासणी संपली की शांत होतो. त्याच्या जोडीला दुसरा अँटिव्हायरस टाकलेला असेल, किंवा जुना मुदत संपून पडलेला असेल, तर तो काढून टाका. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' म्हणजे अपडेट बसतंय, त्याला मध्येच मारू नका. 'मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्च इंडेक्सर' म्हणजे फायलींची यादी चालू आहे. लाखभर फोटो असतील तर वेळ लागणारच. ब्राउझर वर असेल तर उघड्या टॅब मोजा. आणि 'सिस्टम इंटरप्ट्स' हे नाव सतत पाच-दहा टक्क्यांवर दिसत असेल तर ती महत्त्वाची खूण आहे. हा प्रोग्राम नव्हे. एखादा ड्रायव्हर (विंडोजला एखादा भाग चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्राम) किंवा जोडलेलं उपकरण प्रोसेसरला सारखं हाका मारतंय असा त्याचा अर्थ. यूएसबीला लावलेलं सगळं काढून बघा, आकडा उतरला तर एकेक परत लावा.

त्याच खिडकीत 'स्टार्टअप अ‍ॅप्स' आहे. लॅपटॉप सुरू होताच कोण कोण उठून बसतं ते तिथं दिसतं. अपग्रेडनंतर ही यादी एकदा नक्की बघा. गरज नसलेल्यांवर उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा. यानं प्रोग्राम पुसला जात नाही, तुम्ही बोलवाल तेव्हाच येतो.

तापमान अंदाजानं सांगू नका, मोजा

'भाजतं' हे माप नाही. तळाला हात लावून जे कळतं ते पत्र्याचं तापमान, आतल्या चिपचं नव्हे. टास्क मॅनेजरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यातलं एक फुकट मिळणारं साधन त्याच्या स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. शोधात सापडलेल्या भलत्याच ठिकाणाहून उतरवू नका. लॅपटॉप थंड करायला गेलात आणि नको ते पाहुणे घरात घेतलेत असं व्हायला नको.

दोन आकडे लिहा. एक, काही चालू नसताना दहा मिनिटांनंतरचा. दुसरा, एखादा मोठ्या आकाराचा व्हिडिओ दहा मिनिटं चालू असतानाचा. त्यांच्याशेजारी खोलीत एसी होता की नुसता पंखा, तेही लिहा. हे शेवटचं फार लोक विसरतात. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की चिपचंही साधारण तितकंच वाढतं. बाविसाच्या एसीत जो लॅपटॉप पंचेचाळीसवर असतो, तोच मे महिन्यातल्या आपल्या तेहतीस अंशांच्या ओसरीवर छप्पन्न-सत्तावन्न दाखवेल. तो बिघाड नाही.

आकड्यांचा ढोबळ अर्थ असा. रिकामा असताना चाळीस ते पंचावन्न अंश सेल्सिअस ठीक, गोव्याच्या उन्हाळ्यात साठही चालेल. जोरात काम करताना सत्तर ते नव्वद नेहमीचं. लॅपटॉपचे बहुतेक प्रोसेसर पंच्याण्णव ते एकशेपाच अंशांच्या आसपासची हद्द पाळतात. तिथे पोचले की स्वतःला वाचवायला वेग उतरवतात. तेव्हाच माउस अडखळतो, व्हिडिओ कॉल तुटतो. म्हणजे 'नवं विंडोज स्लो आहे' असं वाटणारी बरीच प्रकरणं मुळात उष्णतेची असतात. रिकामा असतानाच सत्तरच्या वर असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये कुणीच काम करत नसेल, तर उष्णता बाहेर जात नाही हे नक्की समजा.

भाचीचा पहिला आकडा चौऱ्याहत्तर होता. दोन रात्री चार्जरवर ठेवल्यावर सहासष्ट. म्हणजे थोडं काम खरंच शिल्लक होतं, पण तेवढ्यानं भागत नव्हतं.

ड्रायव्हर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पुढच्या रविवारी मी फोंड्याला गेलो आणि आधी डिव्हाइस मॅनेजर उघडला. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक केलं की यादीत तो असतो. त्यात 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स'समोरचा बाण दाबला. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांचं नाव असायला हवं. तिच्याकडे लिहिलेलं होतं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर'.

हे वाक्य दिसलं की समजा, ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर अपग्रेडमध्ये गळून पडलाय आणि विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर दिवस काढतंय. पडदा दिसतो, सगळं चालतं, पण चित्र काढण्याचं आणि व्हिडिओ उलगडण्याचं सारं ओझं मुख्य प्रोसेसरवर येतं. साधं व्याख्यान बघताना लॅपटॉप तव्यासारखा होतो तो यामुळे.

उपाय: लॅपटॉपच्या तळाशी मॉडेल क्रमांक असतो, तो लिहून घ्या. कंपनीच्या सपोर्ट पानावर तो टाकून आधी चिपसेटचा, मग ग्राफिक्सचा, मग पॉवर किंवा थर्मल असं नाव असलेला ड्रायव्हर उतरवा. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये 'डायनॅमिक ट्यूनिंग' या नावाचा जो ड्रायव्हर असतो तो तापमान आणि वीज यांचा मेळ घालतो. लोक तो क्षुल्लक समजून सोडतात, सोडू नका. एकेक बसवा, प्रत्येकानंतर लॅपटॉप रीस्टार्ट करा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी साधनं मी कुणालाच वापरू देत नाही. चुकीचा ड्रायव्हर बसवून ती दुखणं वाढवतात.

उलटंही होतं. अपडेटनं नवा ड्रायव्हर टाकला आणि त्याच दिवसापासून तापायला लागलं, असं असेल तर त्या उपकरणावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'ड्रायव्हर' आणि 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण फिकट दिसत असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही.

ज्यांनी कंपनीच्या यादीत नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर पळवाटेनं विंडोज ११ घातलंय, त्यांच्यासाठी कंपनी ड्रायव्हर देईलच असं नाही. विंडोज १०साठीचा शेवटचा ड्रायव्हर कित्येकदा ११वरही चालतो, तो करून बघा. तेही जमलं नाही तर अशा यंत्राला विंडोजऐवजी लुबुंटूसारखं हलकं लिनक्स अधिक मानवतं, हे मी अनुभवावरून सांगतो.

ड्रायव्हरनंतर बायॉस. पंख्याचा वेग कोणत्या तापमानाला किती, हे कोष्टक त्या एम्बेडेड कंट्रोलरमध्ये असतं आणि बायॉस अपडेटबरोबर कंपनी ते सुधारते. म्हणून हा उपाय गुणकारी आहे, पण अर्धवट राहिला तर लॅपटॉप उठतच नाही. दोन अटी पाळा. बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा. जून-जुलैच्या गडगडाटी संध्याकाळी, वीज येऊन-जाऊन असताना, हे काम काढू नका. दुसरी अट त्याहून मोठी: बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद झालेली असते. बायॉस बदलल्यावर ती ४८ अंकी किल्ली मागू शकते. किल्ली नसेल तर फोटो, प्रोजेक्ट, सगळं आत अडकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. दुसऱ्या फोनवर लॉगिन करून ती खरोखर दिसते का ते बघा, मगच पुढे.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसला आणि भाचीचा आकडा एकसष्टवर आला.

पॉवर मोड आणि पिशवीत तापणारा लॅपटॉप

सेटिंग्ज, सिस्टम, 'पॉवर अँड बॅटरी', 'पॉवर मोड'. अपग्रेडनंतर तिथे 'बेस्ट परफॉर्मन्स' झालंय का बघा आणि 'बॅलन्स्ड' करा. कंपनीचं स्वतःचं साधन असेल, लेनोवोचं व्हँटेज किंवा असुसचं मायअसुस, तर त्यातही पंख्याचा मोड असतो. तो शांत किंवा संतुलित ठेवा. त्याच साधनात बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. कायम चार्जरवर काम करणाऱ्यांनी ती चालू करावी, कारण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते.

आणखी एक जुना उपाय आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के केलं की बहुतेक इंटेल प्रोसेसरचा टर्बो वेग (गरजेपुरता घेतलेला जादा वेग) बंद होतो. तापमान लक्षात येण्याइतकं उतरतं, लिहिण्या-वाचण्याच्या कामात फरक जाणवत नाही. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, नाही दिसला तर सोडून द्या.

झाकण लावून पिशवीत टाकलेला लॅपटॉप कदंब बसमधून उतरेपर्यंत गरम झालेला असतो, अशीही तक्रार येते. नव्या लॅपटॉपांत स्लीप म्हणजे पूर्ण झोप नसते. मोबाइलसारखा तो अधूनमधून जागा होतो आणि पिशवीत उष्णतेला वाट नसते. प्रवासाआधी 'शट डाउन' करा किंवा झाकण लावल्यावर 'हायबरनेट' (उघडं काम डिस्कवर जपून पूर्ण बंद) व्हावं असं ठरवून ठेवा.

आपली हवा, आपली धूळ

आता त्या मुद्द्यावर येतो, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. बाहेरच्या मार्गदर्शिका 'वर्षातून एकदा धूळ उडवा' म्हणतात. गोव्यात धूळ कोरडी नसते. पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी ओली असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्या ओलाव्यात आपली तांबडी माती, चादरीचे धागे, स्वयंपाकघरातल्या तळणीचा तेलकट धूर आणि देवघरातल्या अगरबत्तीची काजळी एकत्र येते आणि पंख्याच्या तोंडाशी नमद्यासारखा थर धरते. डिचोली-सांगेकडे खाणीच्या वाहतुकीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कळंगुट, बाणावलीसारख्या समुद्रालगतच्या गावांत त्यात खारी हवा मिसळते. तिनं तांब्यावर हिरवट डाग येतात, स्क्रू गंजतात.

म्हणून उघडण्याआधी सवयी बघा. बहुतेक लॅपटॉप खालून हवा आत घेतात आणि बिजागरीपाशी किंवा बाजूनं बाहेर फेकतात. गादीवर, उशीवर, मांडीवर ठेवला की खालचं तोंडच बंद. मागची कड दोन बोटं उंच करा. लाकडाच्या दोन पट्ट्या पुरतात, महागडा कूलिंग पॅड घ्यायलाच हवा असं नाही. देवघराशेजारी, स्वयंपाकघराच्या दारात आणि रात्री उघड्या खिडकीत लॅपटॉप ठेवू नका. थंडगार एसी खोलीतून पावसाळी हवेत आणल्यावर अर्धा तास पिशवीतच राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

उघडायचं असेल तर

वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, सेवा केंद्राला सांगा. नसेल, आणि तुमच्या मॉडेलचं झाकण कसं निघतं हे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून झालं असेल, तर पुढे जा.

बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा तळ काढून ज्या त्या जागी ते चिकटपट्टीनं लावा. झाकण काढताना नख किंवा प्लॅस्टिकचं जुनं कार्ड वापरा, सुरी नको. आत गेल्याबरोबर पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. ज्यांना हे धाडस वाटतं त्यांनी इथेच थांबावं, यात काही कमीपणा नाही.

भाचीच्या लॅपटॉपचा पंखा वरवर पाहता स्वच्छ होता. पात्यांवर थोडी राखाडी पूड, बस. खरी गोष्ट पंख्याच्या पुढे असते. तिथे तांब्याची नळी येऊन पातळ पत्र्यांच्या जाळीला भिडते आणि पंखा त्या जाळीतून हवा ढकलतो. पंख्याचे तीन बारीक स्क्रू काढून तो उचलला, तेव्हा जाळीच्या तोंडावर आडवी पट्टी दिसली. चिमट्यानं एका टोकाला धरली आणि ती सबंधच्या सबंध निघाली. बोटाएवढी लांब, काठाला विटकरी, मध्ये करडी, हाताला किंचित दमट. मागे प्रकाश धरला तेव्हा पत्र्यांमधून पहिल्यांदा उजेड आरपार आला. भाची म्हणाली, "एवढ्याशा चिंधीनं?" एवढ्याशानंच. झरोक्यातून नुसती हवा मारून ही पट्टी निघत नाही, उलट आणखी घट्ट बसते.

सफाई करताना पाती बोटानं किंवा काडीनं अडवून धरा. हवेच्या झोतानं पंखा भरमसाट फिरला तर त्याचा बेअरिंग खराब होतो. झोत थोडा थोडा, कोनातून. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरनं फुंकून घेण्याची पद्धत आहे, ती मोडा. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे कण असतात आणि दाबही बेसुमार असतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्यानं स्थिर वीज तयार होते. मऊ ब्रश आणि हातानं दाबायचा रबरी फुगा पुरेसा आहे.

थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वरच्या धातूकडे पोचवणारा लेप) बदलायची का? लॅपटॉप चार-पाच वर्षांचा असेल आणि सफाईनंतरही आकडा उतरला नाही तरच. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, वाटाण्याएवढी नवी लावायची आणि हीटसिंकवर (चिपवर बसणाऱ्या त्या धातूच्या भागावर) कोरलेल्या १, २, ३, ४ या क्रमानं स्क्रू थोडे थोडे आवळायचे. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर चिप दुखावते. पहिल्यांदा हात घालणाऱ्यानं हे जाणत्याच्या शेजारी बसून करावं.

पंखाच गेलाय हे कसं ओळखायचं

एकसारखा जोराचा घोंघावता आवाज म्हणजे काम किंवा कोंडलेली उष्णता. खरखर, दळण दळल्यासारखा आवाज म्हणजे बेअरिंग झिजला. टकटक म्हणजे वायर किंवा कचरा पात्याला लागतोय. शंका असेल तर कंपनीची अंगभूत चाचणी चालवा. डेलमध्ये सुरू होताना एफ १२ दाबून 'डायग्नॉस्टिक्स', एचपीमध्ये एफ २. एचपीचा लॅपटॉप सुरू होताना 'सिस्टम फॅन' आणि '९०बी' असं दाखवत असेल तर पंखा फिरत नाहीये. विंडोज मागे नेऊन तो फिरणार नाही.

दुकानात न्यावाच लागला तर आधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. 'तापतो' एवढंच सांगू नका. लिहिलेले आकडे, टास्क मॅनेजरमधलं नाव, ड्रायव्हर कुठले बदलले, हे सगळं कागदावर द्या. पंखा बदलला तर जुना परत मागा. आकडे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला 'विंडोज परत टाकू' असं उडतं उत्तर सहसा मिळत नाही.

त्या रविवारी झाकण लावून परत मोजलं. खोली तीच, छताचा पंखा तोच, रिकामा लॅपटॉप अठ्ठेचाळीस. व्हिडिओ चालू असताना पासष्ट. भाचीनं पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख आणि दोन्ही आकडे लिहून ती लॅपटॉपच्या तळाला लावली. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, ती पुन्हा मोजणार आहे. आकडा दहा अंशांहून वर गेला असेल तर मला फोन करायचा नाही, स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवलाय ते तिला ठाऊक आहे.